ध्वनीला मागे टाकणारा ट्रक

मुंबई ते पुणे किती? दीडशे किलोमीटर. या दीडशेला एकोणिसाने भागा. उत्तर येतं आठ किलोमीटरच्याही जरासं आत. म्हणजे सीएसएमटीहून लोकल पकडली, तर दादर येण्याआधीच पुणं आलं! घाट कधी चढलो, लोणावळा कधी गेलं, काही कळायच्या आत स्वारगेट हजर.

हे माप माझ्या डोक्यातलं नाही. चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागमध्ये, एससीएस सॉफ्टवेअर नावाची कंपनी आहे. तिने २०१२ साली ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा खेळ आणला आणि त्यात युरोपचा नकाशा १:१९ या प्रमाणात बसवला. ब्रिटनवर थोडी मेहेरनजर, तिथे १:१५. हायवेवर घड्याळही एकोणीसपट पळतं आणि शहरात शिरलं की तिपटीवर येतं. खेळणारे तेव्हापासून एकाच प्रश्नावर हमरीतुमरीवर आलेले आहेत : हे खऱ्यासारखं आहे की नाही? त्या भांडणात पडू, पण आधी हिशोब. कागद-पेन्सिल घ्याच, मजा पुढे आहे.

लांबी एकोणिसाने आखडली की क्षेत्रफळ १९ गुणिले १९, म्हणजे ३६१ पटींनी आखडतं. आपला महाराष्ट्र तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरचा. भागिले ३६१. हातात उरले साडेआठशे! बृहन्मुंबई साधारण सहाशे चौरस किलोमीटर. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे छत्तीसच्या छत्तीस जिल्हे दीड मुंबईत बसले आणि वर थोडी जागा उरलीच.

बरं, युरोप आखडला, पण ट्रक आखडला का? छे! तो जसाच्या तसा. युरोपात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून साडेसोळा मीटरची परवानगी असते. आखडलेल्या जगाच्या नजरेने या ट्रककडे पाहा. साडेसोळा गुणिले एकोणीस, ३१३ मीटर. पंधरा डब्यांची लोकल झाली ही! साडेतीन मीटरची लेन त्याच नजरेने ६६ मीटर रुंद. अशी लोकल घेऊन माणूस चौकात डावीकडे वळतो आणि वर तक्रार करतो की वळण अरुंद आहे.

आता वेग. काटा ८० वर आहे. निवांत, कायद्यात, सफरचंदं घेऊन चाललोय. पण घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाने मोजलं तर? ८० गुणिले १९ म्हणजे ताशी १,५२० किलोमीटर. प्रवासी विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं. आवाज हवेतून ताशी साधारण १,२३० किलोमीटरने जातो. वंदे भारत १६० ला पोचली की आपण टाळ्या वाजवतो, आणि इथे सफरचंदांचा ट्रक आवाजाच्या पुढे निघून गेलाय. तोही उजवीकडच्या संथ लेनमधून! या हिशोबाने मुंबई-पुणे सहा मिनिटांत.

डिझेलचंही पाहून घ्या. असा ट्रक शंभर किलोमीटरला तीसेक लिटर पितो. फ्रान्सचं कॅले बंदर ते पोलंडचं वॉर्सा हे अंतर साधारण १,४०० किलोमीटर, आपलं मुंबई-दिल्लीच म्हणा. लागलं ४२० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ३७,८०० रुपये. खुर्चीत बसून हा पल्ला ५५ मिनिटांत संपतो. म्हणजे सेकंदाला अकरा रुपयांहून जास्त! लिटरच्या भाषेत, दर सेकंदाला एक भरलेला कटिंगचा ग्लास. एक, दोन, तीन... तीन ग्लास संपले.

तर एक गट म्हणतो, ही चेष्टा आहे, नकाशा मोठा करा. या गटाची ताकद कमी समजू नका. याच कंपनीचा ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’ २०१६ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा त्याचं प्रमाण १:३५ होतं. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को खरं तर सहाशेच्या वर किलोमीटर, पण खेळात ते अंतर सीएसएमटीहून घाटकोपरच्याही अलीकडे संपायचं. लोक वैतागले. कंपनीने वर्षाअखेरीस अख्खा नकाशा १:२० वर ताणला आणि तेच अंतर मुलुंडच्या आसपास जाऊन पोचलं. लांबी पावणेदोनपट, क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. आधीच बांधून झालेला कॅलिफोर्निया रबरासारखा ताणायचा म्हणजे खायचं काम नाही.

दुसरा गट नकाशाकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं म्हणणं, ट्रकला वजन वाटत नाही. आणि इथे मला त्यांची बाजू पटते, कारण वजनाचे आकडे भयंकर आहेत. चाळीस टनांचा भरलेला ट्रक ताशी ८० ने चाललाय. त्याच्यात किती जोर साठलाय? तोच ट्रक पंचवीस मीटरवरून, म्हणजे आठव्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली सोडला तर जमिनीवर आदळताना असेल तितका! आणि हा जोर थांबवायला आपण काय करतो? कीबोर्डवरचं एक बटण दाबतो. त्याला पन्नासेक ग्रॅमचा दाब पुरतो. पन्नास ग्रॅमच्या मानाने चाळीस टन म्हणजे आठ लाख पट. आठ लाख! साहजिकच ट्रक मारुतीसारखा जागच्या जागी उभा राहिला की खरा ट्रक चालवणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जाते.

मारुतीचा विषय निघालाच आहे, तर हेही ऐका. खेळातल्या व्हॉल्वो एफएच १६ चं इंजिन सोळा लिटरचं, ताकद ७५० अश्वशक्ती. आपली जुनी मारुती ८०० आठवते? पाऊण लिटरच्या किंचित वर इंजिन, ३७ अश्वशक्ती. वीस मारुत्या एका बॉनेटखाली! खरं तर बॉनेट नाहीच, ड्रायव्हर त्या वीस मारुत्यांच्या डोक्यावर बसलेला असतो.

खेळाच्या सेटिंगमध्ये यावर उतारा आहे, पण तो शोधणारे थोडे. ब्रेकची तीव्रता कमी करता येते. ट्रेलरचा स्थिरपणा कमी केला की वळणावर वेग आवरला नाही तर गाडी खुशाल आडवी होते. एअर ब्रेक खऱ्यासारखे करून ठेवा आणि मग उतारावर उगाच पाय मारत राहा : हवेचा काटा खाली सरकतो, धोक्याचा इशारा येतो आणि ट्रक जागीच जखडतो. हवा भरेपर्यंत बसा इंजिन घुमवत. ज्यांनी हे एकदा भोगलंय ते पुढच्या उताराला न सांगता रिटार्डर, म्हणजे पायाच्या ब्रेकशिवाय वेग आवरणारी यंत्रणा, लावतात.

तिसरा गट ऑफिसातून दमून आलेला असतो. त्याला थकव्याचा नियम नको, दंड नको, पार्किंगही आपोआप हवं. खुशाल! कुणी कुणाचं घोडं मारलंय?

पण ‘अगदी खरंखुरं, १:१’ मागणाऱ्यांनी एकदा आकडे बघावेत. कॅले-वॉर्सा ८० च्या वेगाने साडेसतरा तास. युरोपचा नियम रोज साधारण नऊ तास ड्रायव्हिंगचा, आणि साडेचार तासांनी पाऊण तास सक्तीची विश्रांती. म्हणजे एका खेपेला दोन दिवस खुर्चीत! पाऊण तास तर पार्किंगमध्ये उभ्या ट्रकच्या काचेतून समोरचं झाड बघत बसायचं. युरोपियन युनियनमधले मोटरवे सुमारे ७५ हजार किलोमीटर. रोज नऊ तास चालवले, तर एकदा सगळे पालथे घालायला साडेतीन महिने.

आणि हे बांधणार कोण? सध्याचा नकाशा घडायला २०१२ पासून तेरा वर्षं धरा. रस्ते एकोणीसपट लांबवायचे तर साध्या त्रैराशिकाने २४७ वर्षं. आज पूर्ण हवं असेल तर काम १७७८ साली सुरू करायला हवं होतं. सवाई माधवराव तेव्हा चार वर्षांचे! आणि नुसते रस्ते नकोत, शेतं, डोंगर, गावं सगळंच खऱ्या मापाचं हवं असेल? तेरा गुणिले ३६१. चार हजार सहाशे त्र्याण्णव वर्षं! म्हणजे पहिली वीट ठेवताना मोहेंजोदडो वसायचं होतं, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा पाया खणायचा होता, आणि प्रागमधला एक मुलगा संगणकासमोर बसून कॅलेच्या बाहेरचा पहिला दुभाजक आखत होता!

माझं मत विचाराल तर एकोणीसला हात लावू नका. या खेळात एक जागा अशी आहे जिथे मीटर म्हणजे मीटरच, आणि ती म्हणजे माल उतरवायचं आवार. साडेसोळा मीटरची जोडगाडी उलटी घेऊन दोन ट्रेलरमधल्या फटीत घालायची. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. आरशात फक्त एक कोपरा दिसतो, पुढे, मागे, परत पुढे. ताशी १,५२० ने आलेला माणूस शेवटच्या वीस मीटरला दहा मिनिटं घेतो आणि घाम पुसतो. तेव्हा खेळत असाल तर आज ब्रेकचा स्लायडर डावीकडे ओढा, एअर ब्रेक खऱ्यासारखे करा, आणि पार्किंग टाळायचं बटण दिसलं तरी ते दाबू नका.