औषधाच्या पाकिटावरची अरबी

दम्मामला आमचा तो पहिलाच हिवाळा. धाकटी तीन वर्षांची होती. संध्याकाळी तिला सणकून ताप भरला म्हणून जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर मिसरचे. खाली सैदलियात, म्हणजे औषधाच्या दुकानात, बसलेले गृहस्थ सुदानचे. दोघेही भले माणूस. त्यांनी भराभर समजावले आणि आम्हीही भराभर माना हलवल्या. निघताना त्यांनी "अल्लाह यश्फीहा" म्हणून दुआ दिली, तेवढी मात्र नीट कळली.

मिस्टरांची रात्रपाळी होती. ते गेले आणि रात्री अकराला औषध द्यायची वेळ झाली तेव्हा घरात मी, सासूबाई आणि ते पाकीट एवढेच. सासूबाई व्हिजिटवर आल्या होत्या. दर रमजानमध्ये त्यांचे दोन खत्म होतात, अरबी वाचण्यात त्यांचा हात धरणारे आमच्या मोहल्ल्यात कुणी नाही. चश्मा लावून म्हणाल्या, "आण इकडे, मी वाचते."

बाटलीवरचा पहिलाच शब्द त्यांनी वाचला आणि बाटली खाली ठेवली. "या अल्लाह! पोरीला शराब?"

आज हसू येते. अरबीत शराब म्हणजे पिण्याची वस्तू, आणि औषधाच्या बाटलीवर असेल तर सिरप. सूरह नहलमध्ये मधाचा आणि शिफेचा उल्लेख जिथे आहे तिथेही हाच शब्द आहे, आणि तो अम्मींनी शेकडो वेळा पढलेला. पण कानाला सवय उर्दूतल्या शराबची. त्या रात्री दोघींनाही ते सुचले नाही.

दुसरे औषध म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या, मेणासारख्या पाच वड्या. पाकिटावर लिहिलेला शब्द आम्हाला लागेना. मी एक वडी सोलली, अर्धी तोडली आणि मधात कालवायला चमचा घेतला. तिसरे औषध सर्दीचे. त्याच्या बाटलीवर पेनाने आकडा लिहिला होता. आधी उर्दूसारखा दोन, मग एक बारीक फराटा, मग एक गोल. मी वाचले, वीस. वीस मिली? म्हणजे चार लहान चमचे? एवढ्याशा पोरीला?

ती शंका आली हे अल्लाहचे उपकार. वरच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहायच्या, हिंदी बोलायच्या. मी पाकीट घेऊन जिना चढले. त्यांनी पाहिले आणि आधी माझ्या हातातला चमचा काढून घेतला. त्या वड्या तोंडातून द्यायच्या नव्हत्याच. शौचाच्या जागेतून आत ठेवायच्या होत्या. अरब देशांत मुलांच्या तापावर हा उपाय सर्रास देतात, आपल्याकडे तो फारसा पाहिलेला नसतो. शब्द होता तहामील. आणि सर्दीचे औषध वीस नव्हे, अडीच मिली. गोल म्हणजे शून्य नाही, पाच. फराटा म्हणजे दशांशाची खूण. मी पोरीला आठपट औषध पाजणार होते.

पुढे कितीतरी दिवस मला एकच प्रश्न सतावत होता. आम्ही दोघी अरबी वाचू शकतो, मग चुकलो कुठे? मल्याळी सिस्टरांना वाटले असेल की या बायका अडाणी आहेत. खरी गोष्ट उलटी होती. अरबी अजिबात येत नसती तर आम्ही दुकानातच दहा वेळा विचारले असते. अक्षरे ओळखीची, म्हणून विचारले नाही.

मक्तबमध्ये आपण जी अरबी शिकतो ती जेर, जबर, पेश लावलेली असते. औषधाच्या पाकिटावर यांपैकी काहीच नसते. नुसत्या अक्षरांच्या सांगाड्यावरून शब्द ओळखायचा, तर तो शब्द आधी माहीत असावा लागतो. आकड्यांची तर आणखी पंचाईत. आखाती देशांत शून्य म्हणजे फक्त एक टिंब, त्यामुळे दहा हा उभी रेघ आणि टिंब असा दिसतो. पाच म्हणजे हुबेहूब आपला मराठी शून्य. चार उलट्या इंग्रजी तीनसारखा, म्हणजे आपल्याला तो सहा वाटायची भीती. आणि खरा सहा इंग्रजी सातसारखा. उर्दू आकडे येतात म्हणून निर्धास्त राहावे तर उर्दूतले चार, पाच आणि सहा वेगळ्या वळणाचे. आपल्याकडे छापलेल्या कुरआन शरीफमध्ये आयतींचे आकडे बहुधा त्या उर्दू वळणाचेच असतात.

शब्दांचा किस्सा याहून मजेदार. मजेदार म्हणते, पण यातूनच घोटाळे होतात. "इंदल लुजूम" असे गोळीच्या पाकिटावर असते. आपल्या कानावर लाजिम पडते आणि वाटते, ही गोळी घेणे लाजमी आहे, चुकवू नये. अर्थ आहे, गरज पडेल तेव्हाच. आमच्या ओळखीच्या एका भाभींनी दुखण्याची गोळी या गैरसमजातून, काही दुखत नसताना, आठवडाभर नेमाने घेतली. दुसरी गंमत दोनाची. अरबीत दोन वस्तूंसाठी आकडा लिहावाच लागत नाही, शब्दालाच शेपूट जोडतात. हब्बा म्हणजे एक गोळी, हब्बतैन म्हणजे दोन. मर्रा म्हणजे एकदा, मर्रतैन म्हणजे दोनदा. पाकिटावर आकडा शोधत बसणाऱ्याला तो सापडणारच नाही.

पण घरात बसून थोडा विचार केला तर निम्मे शब्द आपलेच निघतात. कब्लल अक्ल, जेवणाआधी. बअदल अक्ल, जेवणानंतर. कब्लन नौम म्हणजे झोपण्यापूर्वी, आणि नौम तर रोज फजरच्या अजानीत ऐकतो. यौमियन म्हणजे दररोज. कुल्ल आणि पुढे आकडा आणि साआत, म्हणजे दर इतक्या तासांनी. मिल्अका म्हणजे चमचा. सगीरा असेल तर लहान, ५ मिलीचा, आणि कबीरा असेल तर मोठा, १५ मिलीचा. (स्वयंपाकघरातला चमचा मात्र वापरू नये, बाटलीबरोबर येणारे मापच घ्यावे.) खारिजी म्हणजे फक्त बाहेरून लावायचे. अलर्रीक हा शब्द नवा, तो उपाशीपोटी. एवढे पंधराएक शब्द आणि दहा आकडे एका संध्याकाळी पाठ होतात. शिवाय डब्यातल्या छापील कागदावर तिथे बहुधा इंग्रजीही असते. घोटाळा हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत होतो, आणि आपल्या माणसासाठीचा डोस तर तिथेच असतो.

मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारे ॲप आता सगळ्यांकडे आहे. छापील मजकुरासाठी ते ठीक. घाईत लिहिलेल्या अक्षरासमोर तेही गडबडते, आणि गडबडले हे सांगत नाही. डोसच्या बाबतीत मी त्याच्यावर विसंबत नाही.

दुसरा धडा अब्बांमुळे मिळाला. ते चिपळूणहून आमच्याकडे आले तेव्हा साखरेची ग्लायकोमेट बरोबर होती. इथल्या डॉक्टरांनी तपासून ग्लुकोफाज लिहून दिली. अब्बा दोन्ही घेत राहिले, एक गावची आणि एक इथली. पोट बिघडले, भूक गेली. खाण्यापिण्याला दोष देऊन झाला, पाण्याला देऊन झाला. शेवटी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून बारीक अक्षरे वाचली तर दोन्हींवर एकच नाव, मेटफॉर्मिन. कंपन्यांची नावे देशागणिक बदलतात. मूळ औषधाचे नाव सहसा तेच राहते, आणि ते डब्यावर मोठ्या नावाखाली बारीक छापलेले असते. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून अशा सामाईक नावांची यादी काढते आहे. तरी अपवाद आहेतच. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते. आपली क्रोसिन, आखातातली पॅनाडॉल आणि सर्दीच्या कित्येक गोळ्या, या सगळ्यांत तेच. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही वरची मर्यादा. त्यापुढे यकृताला धोका. तीन वेगळी नावे पाहून तीन वेगळी औषधे समजणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो.

सुट्टीवर येताना आपण गावच्या नातेवाइकांना तिकडची औषधे वाटतो, तेही यात आलेच. अरबी पाकिटातली गोळी आजीच्या डब्यात टाकायची असेल तर मूळ नाव पाहून गावच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकू नये. उलट दिशेनेही जपावे. खोकल्याची कोडीनवाली बाटली किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके परवानगीशिवाय आखातात नेणे म्हणजे विमानतळावर अटकेची वेळ आणणे.

रमजानमध्ये हा विषय आणखी नाजूक होतो. पाकिटावर दर ८ तासांनी असे असेल आणि आपण परस्पर ते इफ्तार, तरावीहनंतर आणि सहरी असे बसवले, तर दोन डोस जवळ येतात आणि तिसऱ्याला दिवसभराचे अंतर पडते. रोजे ठेवणार आहे हे डॉक्टरांना आधीच सांगितले तर पुष्कळदा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे औषध मिळते. इन्सुलिन तर स्वतःच्या अंदाजाने हलवूच नये. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे, ती घ्यायला आपली माणसे का लाजतात कळत नाही.

आमच्या घरात त्या रात्रीपासून एक रीत पडली. दुकानातून पाकीट घेऊन तसेच निघायचे नाही. काउंटरवरच उलटे सांगायचे: "हे, इतके, दिवसातून इतक्या वेळा, जेवणानंतर, इतके दिवस. बरोबर?" समोरचा हो म्हणाला की तिथेच बॉलपेनने पाकिटावर मराठीत लिहायचे. आकडा नाही, अक्षरात: अडीच मिली, पाच मिली. मुलांच्या औषधासाठी सुई नसलेली सिरिंज मागून घ्यायची आणि तिच्यावर मापाच्या रेघेला पेनाने खूण करून घ्यायची. पावडरची बाटली असेल तर पाणी कोणत्या खुणेपर्यंत घालायचे आणि फ्रिजमध्ये किती दिवस ठेवायचे, हेही विचारायचे. सौदीत असाल तर आरोग्य मंत्रालयाचा ९३७ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. इंग्लंडला राहणाऱ्या आमच्या नणंदेला तिकडच्या सरकारी दवाखान्यात दुभाषा फुकट मिळतो, पण तो मागावा लागतो. ती कित्येक वर्षे आपल्या दहावीतल्या मुलाला बरोबर नेत होती. आईचे बायकी दुखणे मुलाने डॉक्टरांना कसे सांगायचे, याचा विचार कुणी केला नव्हता. बिचारा अर्धे गाळायचा.

धाकटी आता कॉलेजला आहे. मागच्या वर्षी आमच्या इमारतीत महाडची एक नवी नवरी राहायला आली. एके दिवशी पाकीट घेऊन दारात उभी. मी म्हटले, वाच बघू. तिने अगदी सुंदर मखरजसह वाचले, "हब्बतैन". मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आपा, पण यात किती ते लिहिलेलंच नाही."

मी तिला आत बोलावले आणि बॉलपेन शोधू लागले.