मोटार टिकाऊ, संगीत अल्पायुषी

जुन्या मोटारीच्या मूळ रेडिओला आजच्या फोनमधील गाणे ऐकविण्याची सोय करणे, हा वरवर पाहता हौशी धनिकांचा उद्योग वाटतो. ज्याच्यापाशी चाळीस वर्षांची मर्सिडीज आहे, त्याला गाणे कोठून ऐकावे ही चिंता पडली, तर इतरांनी तीत वाटेकरी का व्हावे, असे कोणीही विचारील. परंतु या लहानशा खटाटोपात टिकाऊ मालाविषयीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि ज्यांच्या दारी मोटार नाही त्यांच्याही खिशाशी त्याचा संबंध आहे.

पश्चिम जर्मनीत १९७६ साली बाजारात आलेली मर्सिडीजची ‘डब्ल्यू १२३’ ही मालिका घ्या. सुमारे दहा वर्षांत या मालिकेच्या जवळजवळ २७ लाख मोटारी तयार झाल्या. त्यांतील पुष्कळ आजही धावतात. अनेकींच्या डॅशबोर्डमध्ये बेकर कंपनीचा रेडिओ होता, आणि तोही बहुधा शाबूत असतो. मग बिघडले काय? बिघडले ते बाहेर. जर्मनीतील सार्वजनिक नभोवाणीने मध्यम लहरींवरील प्रक्षेपण २०१५ अखेर थांबविले. नॉर्वेने तर २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपणही बंद केले. रेडिओ जिवंत आहे, पण त्याच्याशी बोलणारे कोणी उरत नाही.

संगीताच्या साधनांची कथा याहून वेगवान आहे. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली, कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली, आयपॉड २००१ साली. ज्या बारीक जॅकच्या आधारे लोकांनी आपापली यंत्रे मोटारीला जोडली, तो जॅकच २०१६ साली अॅपलने आपल्या नव्या फोनमधून काढून टाकला. म्हणजे एका मोटारीच्या हयातीत संगीताच्या तीन-चार पिढ्या उलटतात. भिन्न आयुर्मानाच्या दोन वस्तू एकमेकींना पक्क्या जखडल्या, की दीर्घायुषी वस्तूचे उपयुक्त आयुष्य अल्पायुषी वस्तूइतके आखूड होऊ लागते. ग्राहक मात्र किंमत मोजतो ती दीर्घायुषी वस्तूची.

यावर १९८० नंतरच्या दशकात सापडलेला उपाय दांडगाईचा होता. मूळ रेडिओ उपटायचा, डॅशबोर्ड कापून नवा संच बसवायचा, दारांच्या आतल्या बाजूस भोके पाडून स्पीकर लावायचे. भंगारात गेलेले तेच मूळ रेडिओ आता जुन्या मोटारींचे मालक शोधत फिरतात आणि त्यासाठी चांगली रक्कम मोजतात.

दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, आणि त्याचे तंत्र समजण्यास इंजिनिअर असण्याची गरज नाही. रेडिओचा पहिला भाग हवेतील लहरींतून क्षीण ध्वनिसंकेत वेगळा करतो, दुसरा भाग तो वाढवून स्पीकरकडे पाठवितो. या दोहोंच्या मध्ये आवाज कमी-जास्त करणारे बटण असते. नेमक्या या ठिकाणी मूळ तार खंडित करून एक लहान स्विच बसविला, की एका बाजूने रेडिओ आणि दुसऱ्या बाजूने फोन असा पर्याय मिळतो. मध्ये एक कंडेन्सर घालावा लागतो, म्हणजे एका यंत्रातील विद्युतदाब दुसऱ्यात शिरत नाही. रेडिओ एकाच स्पीकरचा असेल, तर डाव्या-उजव्या बाजूंचे संकेत सरळ एकत्र पिळून चालत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर देऊन मगच ते जोडावे लागतात. बाहेरून बदल दिसत नाही आणि उद्या तो काढूनही टाकता येतो.

अडचणी आहेत, नाही असे नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा मोटारीत आजचा फोन-चार्जर विचार न करता जोडला, तर गाण्याऐवजी धूर निघण्याचा संभव! फोनचे गाणे एफएमवर प्रक्षेपित करणारी स्वस्त डबी अनेकजण वापरतात, पण रेडिओ केवळ मध्यम लहरींचा असेल तर ती निरुपयोगी ठरते.

जोडणीत कोणती वस्तू आत ठेवावी आणि कोणती बाहेर, यालाही महत्त्व आहे. ब्लूटूथचा संच रेडिओच्या पोटात कायमचा बसविणारे मूळ चूक पुन्हा करतात. त्यापेक्षा आत केवळ साधी तार न्यावी आणि ब्लूटूथची डबी हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवावी. दहा वर्षांनी ब्लूटूथ कालबाह्य झाले, तर डबी बदलेल. रेडिओला पुन्हा हात लावावा लागणार नाही.

हे सारे शक्य झाले ते जुना रेडिओ उघडता येत होता आणि समजतही होता म्हणून. अमेरिकेत सॅम्स फोटोफॅक्ट या प्रकाशनाने १९४६ पासून रेडिओसंचांच्या विद्युत-आकृत्या छापून दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती दिल्या. पुढे जर्मन मानकानुसार रेडिओच्या खाचेचे माप १८० बाय ५० मिलिमीटर असे रूढ झाले, आणि कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही मोटारीत बसू लागला. २०२० साली पोर्शे कंपनीने आपल्या जुन्या ९११ मोटारींसाठी त्या काळास शोभेल असा नवा संच विक्रीस आणला, तोही याच खाचेच्या बळावर.

आजच्या मोटारीत ही खाच राहिलेली नाही. गाणे, वातानुकूलन, मागचा कॅमेरा, इतकेच काय, काही मोटारींचे कितीतरी नियंत्रण एकाच पडद्यात कोंबलेले असते. पडदा गेला, की केवळ गाणे जात नाही. अमेरिकेत २०२२ साली तिसऱ्या पिढीचे मोबाइल जाळे बंद झाले, तेव्हा अनेक मोटारींतील अपघाताची सूचना आपोआप पाठविणारी व्यवस्था निकामी झाली. चाके आणि इंजिन जागच्या जागी होती.

भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही अंतर्भाव केला. पाऊल योग्य, पण पुरेसे नव्हे. कारण माहिती देणे उत्पादकाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. एखाद्या यंत्रणेची देखभाल कंपनीने थांबविली, की त्याच दिवशी तिची विद्युत-आकृती खुली झाली पाहिजे, आणि बाहेरचा ध्वनी आत घेण्याची एक साधी जागा प्रत्येक संचात असली पाहिजे. ही अट नव्या मोटारीला मान्यता देतानाच घालता येईल. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था मोटारीचे दिवे आणि भोंगा तपासतातच; त्या यादीत आणखी एक ओळ वाढविणे शासनाला जड जाण्याचे कारण नाही.