सहरीची गोळी आणि पाठीचा मणका

रमजानचा चाँद दिसला की धामणगाव बढेच्या औषध दुकानांत हमखास विचारले जाते, ‘ही गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारनंतर?’ काही जण तेवढेही विचारत नाहीत, महिनाभर गोळ्याच बंद ठेवतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या बाबतीत हे फार धोक्याचे. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. गोळी एकाएकी थांबली तर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो.

दमा, संधिवात अशा आजारांत हे औषध मोठा आधार आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिझोन वापरले गेले आणि १९५० मध्ये या संशोधनाला नोबेल मिळाले. पण त्याची किंमत हाडे मोजतात. हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे जास्त निघून जाते. सर्वाधिक झीज पहिल्या सहा महिन्यांतच होते, आणि तीही न दुखता. तरावीहमध्ये वाकताना पाठीत कळ येते तेव्हा मणका आधीच दबलेला असू शकतो.

कोविडनंतर आणखी एक प्रकार समोर आला. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांत मांडीच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होऊ लागल्याचे आढळले. कोविडच्या उपचारात त्यांना स्टेरॉइड दिलेले होते. ते स्वतः डॉक्टर असल्याने दुखणे लवकर ओळखू शकले. आपल्या खाला, फुफ्फी कशा ओळखणार? त्यांना तर गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असू शकते, हेही ठाऊक नसते. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर मला आधी तीच शंका येते.

तीन महिन्यांहून जास्त गोळी चालणार असेल तर डॉक्टरांना हाडांची घनता तपासण्याबद्दल आणि ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल विचारावे. रोजे ठेवायचे असतील तर वेळा रमजानपूर्वीच ठरवून घ्याव्यात. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच. हाडांसाठी आठवड्यातून एकदाची अॅलेन्ड्रोनेटची गोळी असेल, तर सहरीच्या अर्धा तास आधी उठून ती ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यावी लागते. त्या अर्ध्या तासात आडवे पडायचे नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत चालत नाही, ती इफ्तारच्या जेवणानंतर.