बारा थाऊंचं सुख

निवृत्त माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कुणी बागकाम करा म्हणतं, कुणी हास्यक्लबात या म्हणतं. ‘कादंबऱ्या लिहिताच, आता आत्मचरित्रही होऊन जाऊ द्या,’ असंही एका स्नेह्यांनी सुचवलं. मी यातलं काही करत नाही. रविवारी सकाळी मी अंगणात पोतं अंथरतो, डिझेलचं टमरेल आणि चिंध्या घेऊन बसतो आणि ऐंशी वर्षांची एक मोटारसायकल दुरुस्त करतो. सौ.च्या मते हा छंद नसून चाकरी आहे. चाकरी तर चाकरी. बँकेतल्या छत्तीस वर्षांच्या चाकरीत जे मिळालं नाही, ते इथे मिळतं.

गाडी बीएसए कंपनीची, एम-२० मॉडेल, पाचशे सीसीची. ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ची ही आद्याक्षरं. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली, म्हणून तिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांसाठी या जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या काही गाड्या आपल्याकडे राहिल्या, हातोहाती फिरल्या. माझी मला १९९६ साली मिळाली, गडहिंग्लजकडे बदली झाली असताना. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांखाली होती.

ज्यांना बीएसए हे नाव परकं वाटेल त्यांनी बुलेट आठवावी. तीही मूळची तिकडचीच. बर्मिंगहॅमजवळ रेडिच नावाचं गाव आहे, सुया बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या सुयांच्या एका कारखान्यातूनच पुढे रॉयल एनफिल्डचा पसारा वाढला. १९५५ साली मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली आणि १९७७ पासून उलट इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. आपल्या कित्येक घरांतल्या वडिलांनी, काकांनी या गाडीवर हात काळे केलेले आहेत. तेव्हा मी सांगतो आहे ते सुख अनेकांच्या परिचयाचं असेल.

या गाड्या मुळात मालकानं उघडाव्यात अशाच बनवलेल्या. युद्धातल्या निरोप्याला रस्त्यात मिस्त्री कुठून मिळणार? म्हणून सोबत चामडी पिशवीत चार पाने, आणि त्या चार पान्यांत निम्मी गाडी सुटते. एम-२०चे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेले आहेत, त्यामुळे हेड म्हणजे निव्वळ डब्याचं झाकण. बोल्ट काढले की पिस्टन समोर. दिव्यांना बॅटरी लागते, पण ठिणगीला लागत नाही. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. बॅटरी काढून घरी ठेवली तरी इंजिन चालतं.

पान्यांचंही एक शास्त्र आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं नट-बोल्टांच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं. त्या पद्धतीच्या पान्यावर तीन अष्टमांश लिहिलं असेल, तर ते पान्याच्या जबड्याचं माप नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. आपला मिलिमीटरचा पाना तिथे बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे खातो. पुण्याच्या जुन्या बाजारात मी असे पाने एकेक करून जमवले. रद्दीच्या दुकानात दुर्मीळ पुस्तक सापडावं, तसाच तो आनंद.

खरी गंमत मात्र बारीक कामात आहे. मॅग्नेटोतले पॉइंट उघडतात तेव्हा त्यांच्यामध्ये इंचाचे बारा हजारांश एवढी फट हवी. वर्कशॉपच्या भाषेत बारा थाऊ. फिलर गेजची पात त्या फटीत सरकवायची. ती सैल नको, अडकायलाही नको, जरा धरून ठेवल्यासारखी जायला हवी. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं, आणि साठीनंतरही बोटं नवीन काही शिकतात याचं मला अजून अप्रूप आहे.

तीन वर्षांपूर्वी गाडीनं एक खोड धरली. सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची, आठ-दहा किलोमीटर छान पळायची, मग आचके देत बंद. अर्धा तास झाडाखाली थांबलं की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. असं दुखणं आलं की एकेक शक्यता वगळत जायची. पहिला संशय पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर. त्याला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडून पाहिलं, फरक नाही. कार्बोरेटर भरलेला होता, प्लग ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी कमी पडतेय. गरम इंजिनाचा प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पिवळट, मरतुकडी. गार झाल्यावर पुन्हा पाहिलं. ठिणगी निळी, चटचट आवाज करणारी. आता चोर सापडला. मॅग्नेटोच्या पोटातला कंडेन्सर जुना झाला की गार असताना काम करतो आणि तापला की हात टेकतो.

आमच्या उद्यमनगरातल्या वृद्ध मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सायेब, गाडी सांगतीया की सगळं. ऐकनारा पायजे.’’ त्यांच्याच बाकावर बसून मॅग्नेटो उघडला. आतला आर्मेचर ओढण्याआधी कार्बनचा ब्रश आणि बाजूचा सुरक्षेचा स्क्रू काढायचा, नाहीतर स्लिप रिंग फुटते. नवा कंडेन्सर बसवला. मग टायमिंग. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा आणि पिस्टन ठरल्या जागी आला की कागद अलगद सुटला पाहिजे. दुपारी चार वाजता गाडी घेऊन मी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. कुठे थांबलो नाही.

बँकेत माझ्या टेबलावरून शेकडो कर्जप्रकरणं गेली. कागद बरोबर, म्हणजे प्रकरण बरोबर. त्यातलं कोणतं का फसलं, याचं उत्तर क्वचितच कुणाला कळायचं. चौकशी व्हायची, शेरे पडायचे, फाइल बंद व्हायची. गाडीपुढे शेरा चालत नाही, शिफारसही चालत नाही. कारण सापडलं तर ती चालते, नाही सापडलं तर उभी राहते. एखाद्या गोष्टीचं खरं कारण शेवटपर्यंत शोधता येतं आणि ते आपल्या हातानं दूर करता येतं, हे समाधान साधं आहे, पण आजच्या आयुष्यात दुर्मीळ झालं आहे.

आणि ते अधिकच दुर्मीळ होत चाललं आहे. जुन्या गाडीच्या अडचणी वाढताहेत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, त्यामुळे तक्रार कुठे करायची! पण ते हवेतला ओलावा ओढतं, टाकीला गंज आणतं, जुन्या नळातलं बूच आणि रबर खराब करतं. उपाय आहे: गाडी उभी करताना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्यावं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. जपणुकीला मान्यता मिळाली हे चांगलंच. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.

यापेक्षा मोठी काळजी माणसांची आहे. मिस्त्रींनी जुन्या लेथवर माझ्या गाडीचा गनमेटलचा बुश कातून दिला होता, एका थाऊचाही फरक नाही. त्यांच्या मुलानं आता सीएनसी यंत्र घेतलं आहे. मुलगा हुशार आहे, पण एका बुशासाठी ते यंत्र लावणं त्याला परवडत नाही. हजार नगांची ऑर्डर हवी. त्यात त्याची चूक नाही. पण एकच नग, एकाच माणसासाठी, जुन्याला जुळवून करून देणारा हात गेला, की माझी बीएसए काय आणि तुमच्या घरातला आजोबांचा पंखा काय, दोन्ही भंगारातच जायचे.

बीएसए हे नाव २०१६ साली महिंद्रांच्या समूहातल्या एका कंपनीनं घेतलं, नॉर्टन २०२० साली टीव्हीएसनं घेतली, ट्रायम्फच्या काही गाड्या २०२३ पासून चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. ज्यांच्या गाड्या आपण जुन्या म्हणून घेत होतो, त्यांची नावं आता आपल्याकडे आली, याचा अभिमान वाटतो. नव्या गाड्या तेल गाळत नाहीत, बटण दाबलं की सुरू होतात. पण त्यांचं दुखणं संगणक जोडल्याशिवाय कळत नाही. वस्तू विकत घ्यायची पण तिच्या आत काय चाललं आहे हे आपल्याला कळणार नाही, हा व्यवहार आपण फार सहज स्वीकारला आहे.

माझी अकरा वर्षांची नात मध्यंतरी शेजारी येऊन बसली होती. मी तिला प्लग कसा वाचायचा ते दाखवलं. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर कमी. तिनं प्लग पुसायच्या आधीच पाहिला आणि म्हणाली, ‘‘आजोबा, काळा आहे.’’ मग तिनंच कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर सरकवली. सुई तेवढी खाली बसली, पेट्रोल कमी झालं. पुढच्या रविवारी प्लग तपकिरी निघाला. परीक्षेत पहिली आल्यावरही ती इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

घरात जुनी ब्रिटिश मोटारसायकल असायलाच हवी असं नाही. सायकल असेल, मिक्सर असेल, शिलाई मशीन तर असेलच. वीज किंवा इंजिन बंद करून, मुलांना शेजारी बसवून एखादी वस्तू उघडून पाहा. सुटे भाग ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडून ठेवा, म्हणजे परत बसवताना घोटाळा होत नाही. त्यासाठी या रविवारची पुरवणी वापरलीत तरी माझी हरकत नाही; फक्त आधी वाचून घ्या.