रुईच्या झुडपावरचे बिऱ्हाडकरू

मंडळी, आपल्या माळरानापासून थेट राजस्थानच्या थर वाळवंटापर्यंत रुईचे झुडूप हटकून भेटते. तिकडे त्याला आक म्हणतात. शनिवारी मारुतीला माळ घालायची, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. हिरव्या पानाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. चिकात हृदयाची गती बिघडवणारे विष असते ना!

मग ही पाने खातो कोण? एक तर रुईवरचा रंगीत नाकतोडा. पिवळ्या अंगावर निळे पट्टे, चाल सुस्त. विष त्याच्या अंगात मुरते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याचे पिल्लू चिमटीत धरून पाहा, पाठीवरून पाण्यासारखी चिळकांडी उडवील!

२०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली. तेव्हापासून असा नाकतोडा दिसला की काहींच्या पोटात गोळा येतो. पण शेतकरीबंधूंनो, धाडीतला टोळ कोवळेपणी गुलाबी, पुढे पिवळा होतो. त्याच्या अंगावर निळे पट्टे नसतात आणि तो थव्याने मैलोगणती उडतो. रुईवरचा हा गडी फारसा उडतही नाही. रुई संपली तर पपई, वांग्यावर कधीमधी येतो खरा, पण तेव्हा हाताने वेचून काढावा. औषध फवारण्याची घाई कशाला?

दुसरे बिऱ्हाड अळीचे. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही मोठी हुशार! आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, मग जेवायला बसते. हिचेच पुढे काळ्या-पांढऱ्या टोकांचे नारिंगी फुलपाखरू होते. त्यालाही पक्षी टाळतात.

गुरुजी, मुलांना ही अळी जरूर दाखवावी. मात्र पाने आपणच तोडावीत. चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते.

आणि एक गंमत. घोळीची भाजी खाऊन वाढणारे दुसरे एक फुलपाखरू आहे. त्याच्या अंगात हे विष नाही. पण त्याची मादी हुबेहूब या नारिंगी फुलपाखराचा वेष घेते आणि पक्ष्यांना चकवते. नर मात्र काळाच, पंखांवर पांढरे ठिपके असलेला. दोघांना शेजारी पाहिले तर हे एकाच जातीचे जोडपे आहे, असे कोणी म्हणणार नाही.