झूमबॉम्बिंग

झूमबॉम्बिंग म्हणजे ऑनलाइन चाललेल्या बैठकीत किंवा वर्गात आगंतुकपणे शिरून शिवीगाळ, आरडाओरडा, अश्लील किंवा द्वेषमूलक चित्रांचे प्रदर्शन अशा मार्गांनी ती बैठक उधळून लावणे होय. झूम या अमेरिकी व्हिडिओ संभाषण सेवेच्या नावावरून ही संज्ञा २०२० साली रूढ झाली. प्रकार मात्र त्या एकाच सेवेपुरता मर्यादित नाही.

पार्श्वभूमी

एरिक युआन यांनी २०११ साली स्थापन केलेल्या झूम कंपनीची सेवा प्रामुख्याने मोठ्या कार्यालयांसाठी घडवलेली होती. तेथे सुरक्षेची व्यवस्था संगणक विभाग पाहत असे. कोविड-१९ च्या टाळेबंदीत हीच सेवा शाळा, कुटुंबे आणि भजनी मंडळांच्याही हाती आली. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार डिसेंबर २०१९ मध्ये बैठकांतील दैनंदिन सहभाग जास्तीत जास्त १ कोटी होता, तो मार्च २०२० मध्ये २० कोटींवर गेला. हा आकडा व्यक्तींचा नव्हे. एकच व्यक्ती दिवसात पाच बैठकांना गेली तर ती पाच वेळा मोजली जाते.

शिरकाव कसा होतो

झूमच्या प्रत्येक बैठकीला ९ ते ११ अंकी क्रमांक असतो. २०२० च्या सुरुवातीला पासवर्ड नसेल तर हा क्रमांक किंवा तो अंतर्भूत असलेली लिंक एवढ्यावर कोणालाही आत येता येत असे. खाते उघडण्याची गरज नाही आणि नाव म्हणून हवे ते टंकित करता येते. सेवा लोकप्रिय झाली ती याच सुलभतेमुळे, आणि धोकाही तिच्यातूनच उद्भवला. चेक पॉइंट या सुरक्षा संस्थेने अंदाजाने तयार केलेल्या क्रमांकांपैकी सुमारे ४ टक्के क्रमांक खऱ्या बैठकांचे निघाले होते. ही त्रुटी पुढे दूर करण्यात आली.

३० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या एफबीआयच्या बोस्टन कार्यालयाने याविषयी इशारा दिला. त्यात मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेचा उल्लेख आहे : चालू वर्गात शिरलेल्या अनोळखी व्यक्तीने शिव्या दिल्या आणि शिक्षिकेच्या घराचा पत्ता ओरडून सांगितला. पुढच्या महिन्यात सिंगापूरमध्ये भूगोलाच्या तासाला अश्लील चित्रे दाखवली गेल्यावर तेथील शिक्षकांचा झूमवापर काही काळ थांबवण्यात आला.

क्रमांक कधीकधी वापरणाऱ्यांकडूनच उघड होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावरील छायाचित्रात युरोपीय संघाच्या गोपनीय बैठकीच्या सहा अंकी संकेतांकातले पाच अंक दिसत होते. एका डच पत्रकाराने उरलेला अंक शोधून थेट बैठकीत प्रवेश केला. ती बैठक झूमवर नव्हती.

आतील माणूस

हे सारे बाहेरच्या घुसखोरांचे काम असावे असा सार्वत्रिक समज होता. बिंगहॅम्टन आणि बोस्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी समाजमाध्यमांवरील अशा आवाहनांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बहुसंख्य आवाहने बैठकीत रीतसर प्रवेश असलेल्यांनी, विशेषतः वर्गातील विद्यार्थ्यांनीच केलेली होती. लिंक आणि पासवर्ड तेच पुरवत. एवढेच नव्हे, तर शिक्षकांना संशय येऊ नये म्हणून वर्गातल्या कोणत्या मुलाचे नाव घेऊन यावे हेही काहींनी कळवले होते. अशा वेळी पासवर्ड निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट बहुतेक सूचनापत्रकांतून निसटली.

उपाय

एप्रिल २०२० पासून झूमने मोफत खात्यांसाठी पासवर्ड आणि प्रतीक्षाकक्ष आपोआप लागू केले. भारताच्या गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी, शासकीय कामासाठी ही सेवा वापरू नये असे सांगून खाजगी वापरकर्त्यांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक व पासवर्ड ठेवावा, पडदा दाखवण्याचा अधिकार यजमानाकडेच असावा आणि सर्वजण आल्यावर बैठक कुलूपबंद करावी, असा त्यांचा आशय होता. बैठकीचा मजकूर वाटेत कोणी वाचू शकेल का, हा एनक्रिप्शनचा प्रश्न याहून निराळा. मजबूत एनक्रिप्शन असले तरी लिंक घेऊन आलेला आगंतुक अडत नाही.

वरील संशोधकांच्या मते प्रत्येक सहभागीला स्वतंत्र लिंक देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. शाळांना तो पेलणे कठीण असते. महाराष्ट्रात टाळेबंदीच्या काळात वर्गाची एकच लिंक व्हॉट्सॲप गटावर पाठवण्याची रीत सर्रास होती. अनेक मुले पालकांच्या मोबाइलवरून येत. त्यामुळे प्रतीक्षाकक्षात मुलाऐवजी आईचे किंवा वडिलांचे नाव, क्वचित नुसते मोबाइलच्या मॉडेलचे नाव दिसे, आणि कोणाला आत घ्यायचे हे शिक्षकांना शिकवता शिकवता ठरवावे लागे.