दादांची शाळा
(ऊसविकास विभागाकडून)



१३ नोव्हेंबर हा कै. पद्मभूषण वसंतदादा पाटील यांचा जन्मदिवस. ऐन गळिताच्या धामधुमीत तो येतो. बहुतेक कारखान्यांवर त्या दिवशी दादांच्या प्रतिमेला हार घातला जातो, चार शब्द बोलले जातात आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. हार घालावाच. पण दादांनी आपल्याला नेमकं काय शिकवलं, हेही एकदा निवांत बसून पाहायला हवं.

दादांचा जन्म १९१७ चा. गाव सांगलीजवळचे पद्माळे. समज येण्याआधीच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि आजीने त्यांना वाढवले. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते साथीदारांसह बाहेर पडले. पाठलागात झालेल्या गोळीबारात दोन साथीदार हुतात्मा झाले आणि दादांच्या खांद्यात गोळी घुसली. पुढे १९५२ साली ते आमदार झाले, नंतर पाटबंधारे मंत्री झाले, मुख्यमंत्री झाले आणि १९८५ साली राजस्थानचे राज्यपालही झाले. १ मार्च १९८९ रोजी ते गेले. एवढी पदे भूषवूनही सांगली भागातल्या माणसाच्या तोंडी ते शेवटपर्यंत नुसते 'दादा'च राहिले.

खेड्यात आपण पुष्कळदा ऐकतो, "आपल्याला कुठं शिकता आलं? आता पोरं शिकून तरी काय दिवे लावणार?" दादांनी असा विचार कधी केला नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळालं पाहिजे, हीच त्यांची रीत. १९८३ साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी मिळाली. त्याआधी आपल्याकडची कितीतरी मुले इंजिनिअर होण्यासाठी कर्नाटकात जात होती. या धोरणाचे पुढे काय झाले, फी कुठच्या कुठे गेली, यावर वाद आहेत आणि ते रास्तही आहेत. पण शेतकऱ्याच्या पोराला इंजिनिअर होण्याची वाट आपल्याच राज्यात मोकळी झाली, हेही तितकेच खरे.

उसाच्या बाबतीतही तेच. कारखाना काढला, धुराडे पेटले, म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी १९७५ साली 'डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट' उभी केली, तीत दादांचा पुढाकार होता. पुण्याजवळ मांजरीला असलेली ही संस्था त्यांच्या निधनानंतर 'वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट' झाली. नव्या जातींचे संशोधन, ऊतिसंवर्धित रोपे, माती-पाणी परीक्षण ही कामे तिथे चालतात. शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानयाग' आणि महिला शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' ही शिबिरेही तिथे भरतात. सातवी शिकलेल्या माणसाने शास्त्रज्ञांना शेतकऱ्याच्या दावणीला आणून बांधले, असे गमतीने म्हटले तरी चालेल!

पण मंडळी, नुसत्या मोठ्या माणसाच्या नावाने संस्था चालत नाही. दादांनी सांगलीत उभा केलेला, त्यांचेच नाव मिरवणारा कारखानाही कर्जात रुतला आणि २०१७ साली तो भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. कोणाला नावे ठेवायला हे लिहीत नाही. सहकारात मालक एक नसतो, हजारो असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाने आपली बाजू सांभाळली तरच संस्था उभी राहते, एवढेच यातून घ्यायचे.

आपली बाजू म्हणजे आपला फड. तिथे दादांची शिकवण कशी चालवायची?

पहिली गोष्ट बेण्याची. पाच-पाच, दहा-दहा वर्षे तेच बेणे घरचे म्हणून लावले जाते आणि मग "जात बिघडली" अशी तक्रार येते. जात बिघडत नाही, बेणे बिघडते. मूलभूत बेण्यावर उष्ण बाष्प प्रक्रिया करून ते पायाभूत मळ्यात वाढवतात आणि तिथून प्रमाणित बेणे तयार होते. असे त्रिस्तरीय मळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे निरोगी बेणे घ्या आणि दर तीन-चार वर्षांनी बदला. खोडव्याचे बेणे लावू नका. गवताळ वाढ आणि काणी यांना घरी आणायचा तोच सोपा रस्ता आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र दादांनी महाराष्ट्रभर नेला. आपण मात्र पाणी आले की मोटार चालू करून घरी जातो. कृष्णाकाठी मिरज, वाळवा, शिरोळ या भागात जादा पाण्याने हजारो एकर काळीभोर जमीन क्षारपड झाली. उसाला पाणी लागते, पण त्याला पाण्यात उभे राहायला आवडत नाही. जमेल त्याने ठिबक करावे, न जमेल त्याने निदान एक आड एक सरी भिजवावी. पाचट पेटवू नये, सरीत कुजवावे. ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय कर्बही मिळतो.

तिसरी गोष्ट माणसांची. दादांनी कार्यकर्ते घडवले ते कामाची जबाबदारी अंगावर टाकून. आपल्या घरातली शिकलेली सून, शेतीत उतरू पाहणारा मुलगा यांच्या हाती एक एकर तरी द्या. खताचा हिशोब त्यांना ठेवू द्या. पुढच्या शिबिराला आपल्याबरोबर त्यांनाही पाठवा. सभासदत्व सातबाऱ्यावरून वारसाने मिळते, जाणतेपण तसे मिळत नाही, ते शिकवावे लागते.

गट कार्यालयात बेण्याची नोंदणी चालू आहे. माती परीक्षणाचे नमुनेही तिथेच स्वीकारले जातात. यंदाच्या जयंतीला हार घालून परतताना प्रत्येकाने यांतले एक तरी काम करून घरी जावे, अशी हात जोडून विनंती आहे.

— ऊसविकास अधिकारी